अ‍ॅट्रिब्यूटच्या मेथड्स ठरल्या, ‘फॉल्स’चा प्रश्न सुटला

डॉमवर, म्हणजे जावास्क्रिप्टला दिसणाऱ्या पानाच्या रचनेवर, काम करणाऱ्या माझ्या छोट्या लायब्ररीत एलिमेंट निवडणं आणि इव्हेंट हे भाग आधीच झाले होते. आता अ‍ॅट्रिब्यूटच्या, म्हणजे एचटीएमएल टॅगमध्ये लिहिलेल्या ‘टायटल’सारख्या नाव-मूल्यांच्या, मेथड्सही चालू झाल्या आहेत. कोड थोडासाच आहे. वेळ गेला तो नावं आणि अर्थ ठरवण्यात. अट एकच ठेवली होती. ओळ वाचणाऱ्याला डॉक्युमेंटेशन न उघडता समजलं पाहिजे की इथे मूल्य वाचलं जातंय, लिहिलं जातंय की अ‍ॅट्रिब्यूटच काढला जातोय.

जेक्वेरी या लोकप्रिय लायब्ररीसारखी एकच ‘अ‍ॅट्र’ मेथड ठेवायचा मोह होताच. नुसतं नाव दिलं तर पहिल्या एलिमेंटचं मूल्य मिळतं, नावासोबत मूल्य दिलं तर निवडलेल्या सगळ्यांवर ते लिहिलं जातं. आलेख काढणाऱ्या डी३ लायब्ररीतही हीच पद्धत आहे आणि टाइप करायला ती सुटसुटीत आहेच. पण मूल्याच्या जागी ‘अनडिफाइन्ड’ (मूल्यच नाही, अशी जावास्क्रिप्टची खूण) आलं की काय होतं ते बघा. समजा सर्व्हरच्या उत्तरात एक फील्ड आलंच नाही आणि ते आपण ‘टायटल’ म्हणून पुढे दिलं. जेक्वेरी काहीच करत नाही, जुना टायटल तसाच राहतो. डी३ तो काढून टाकते. ब्राउझरची स्वतःची ‘सेटअ‍ॅट्रिब्यूट’ मात्र ‘अनडिफाइन्ड’ हा शब्दच त्यात लिहिते, आणि माउस नेल्यावर तो वापरणाऱ्याला दिसतो. एकाच मागणीला तीन वेगळी उत्तरं, आणि एरर कोणाकडूनच नाही. मला हे फार खटकतं.

म्हणून माझ्याकडे वाचायला ‘गेटअ‍ॅट्र’, लिहायला ‘सेटअ‍ॅट्र’ आणि काढायला ‘ड्रॉपअ‍ॅट्र’. ‘सेटअ‍ॅट्र’ला ‘अनडिफाइन्ड’ दिलं तर तिथल्या तिथे टाइपएरर, आणि एररच्या मजकुरात अ‍ॅट्रिब्यूटचं नाव. ‘नल’, म्हणजे ‘काही नाही’ हे मूल्य, दिलं तर अ‍ॅट्रिब्यूट निघतो, कारण ‘नल’ माणूस बहुधा ठरवून देतो. मोठी नावं टाइप करायला चार अक्षरं जास्त लागतात, पण कोड लिहितो एकदा आणि वाचतो कितीतरी वेळा.

खरा कस लागला तो ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’पाशी. ‘डिसेबल्ड’सारखे अ‍ॅट्रिब्यूट नुसते हजर असले तरी पुरतं, त्यांच्यात काय लिहिलंय याला महत्त्व नसतं. त्यामुळे सेटअ‍ॅट्रिब्यूटने ‘डिसेबल्ड’वर ‘फॉल्स’ लिहिलं तरी बटण बंदच राहतं. उलट ‘एरिया-एक्स्पांडेड’मध्ये (मेनू उघडा की मिटलेला हे स्क्रीन रीडरला, म्हणजे पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगणारा अ‍ॅट्रिब्यूट) ‘फॉल्स’ हा शब्द लिहिलेलाच हवा. तिथे अ‍ॅट्रिब्यूट काढला तर हा मेनू उघडता-मिटता येतो ही माहितीच स्क्रीन रीडरपर्यंत पोचत नाही. म्हणजे एकाच ‘फॉल्स’चा अर्थ एकीकडे ‘काढ’ आणि दुसरीकडे ‘लिही’.

यावर एक उपाय म्हणजे हजेरीवर चालणाऱ्या नावांची यादी लायब्ररीत ठेवणं. जेक्वेरी ३ने तेच केलं होतं. पण एचटीएमएल बदलतं आणि यादी जुनी होते. ‘हिडन’ त्या यादीत होता. पुढे त्याला ‘अंटिल-फाउंड’ हे मूल्य मिळालं, म्हणजे पानावर शोधताना सापडेपर्यंत मजकूर झाकलेला. जेक्वेरी ३मध्ये ‘अ‍ॅट्र’ने ते लिहायला गेलात तर ‘हिडन’वर ‘हिडन’ एवढंच लिहिलं जातं आणि नवं मूल्य वाटेतच हरवतं. हे बघून यादीचा विचार मी सोडला.

आता ‘सेटअ‍ॅट्र’ स्ट्रिंग (मजकूर), आकडे आणि ‘नल’ एवढंच घेते. बूलियन, म्हणजे ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’, दिलं तर एरर येते आणि तीच पुढचा रस्ता सांगते: हजेरीसाठी ‘टॉगलअ‍ॅट्र’, एरियासाठी ‘एरिया’. ‘टॉगलअ‍ॅट्र’च्या आत ब्राउझरची टॉगलअ‍ॅट्रिब्यूटच आहे, फक्त ती बूलियन परत देते आणि माझी निवडलेला संच, म्हणजे एकापुढे एक मेथड जोडण्याची साखळी तुटत नाही. ‘एरिया’ला ‘एक्स्पांडेड’ आणि ‘फॉल्स’ दिलं की ती शब्द म्हणून लिहून टाकते. लायब्ररीला काहीच ओळखावं लागत नाही; मनात काय आहे ते लिहिणाराच मेथड निवडून सांगतो. या भागातलं मला सगळ्यात आवडलेलं काम हेच.

अ‍ॅट्रिब्यूट आणि प्रॉपर्टी (जावास्क्रिप्टमध्ये एलिमेंटवर असलेलं मूल्य) वेगळे ठेवायचे का, यावर फार विचार करावा लागला नाही. जेक्वेरी १.६ने मे २०११मध्ये प्रॉपर्टीसाठी ‘प्रॉप’ वेगळी काढली, तेव्हा लोकांचा जुना कोड अडला आणि त्याच महिन्यात १.६.१मध्ये थोडं मागे यावं लागलं. तरी ती विभागणी बरोबरच होती. इनपुटचा ‘व्हॅल्यू’ अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे सुरुवातीचं मूल्य आणि प्रॉपर्टी म्हणजे आत्ता खोक्यात असलेलं. लिंकचा ‘एचरेफ’ अ‍ॅट्रिब्यूट लिहिला तसाच मिळतो, प्रॉपर्टी पूर्ण पत्ता देते. नवी लायब्ररी असल्याने मला जुन्या कोडची काळजी नाही, म्हणून ‘प्रॉप’ पहिल्यापासून वेगळी आहे.

उरलाय एक प्रश्न, आणि त्यावर तुमचं मत हवंय. अ‍ॅट्रिब्यूट नसेल तर ‘गेटअ‍ॅट्र’ ब्राउझरप्रमाणे ‘नल’ देते. पण निवडीत एकही एलिमेंट नसेल तर? तेव्हाही ‘नल’ दिलं तर सिलेक्टरमधली, म्हणजे एलिमेंट निवडणाऱ्या मजकुरातली, चूक झाकली जाते. एरर दिली तर पानावर कधी असणाऱ्या, कधी नसणाऱ्या भागांसाठी दर वेळी आधी तपासणी लिहावी लागते. सध्या टेस्ट ‘अनडिफाइन्ड’ धरून लिहिल्या आहेत, म्हणजे निदान दोन्ही प्रसंग वेगळे ओळखता येतात. रोजच्या कामात तुम्हाला यातलं काय सोयीचं पडेल ते कळवा, मग पुढची आवृत्ती काढतो.