गिनी कोंबड्या, केसीसी आणि बँकेतली ती यादी

देशी कोंबड्या आमच्या मळ्यात आजीच्या काळापासून आहेत. गिनी आणल्या त्या राखणीसाठी. साप दिसो, कुत्रं येवो नाहीतर अनोळखी माणूस, त्या सगळं शिवार डोक्यावर घेतात आणि गोठ्याभोवतीचे गोचीड टिपून खातात. शेड झालं, जाळी बसली, पिल्लं आली. रखडलं ते बँकेत.

किसान क्रेडिट कार्ड (केसीसी) म्हणजे पीककर्ज, असा आमच्या लातूरच्या औसा-निलंग्याकडं अजून समज आहे. 2018-19 पासून ते पशुपालनालाही मिळतं. खाद्य, औषध, वीज असल्या खेळत्या भांडवलाला. 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही. ही मर्यादा 1 जानेवारी 2025 पासूनची, आधी 1.60 लाख होती. वेळेत फेडलं तर व्याज 4 टक्क्यांवर येतं. हे सगळं वाचूनच गेलो होतो.

साहेबांनी अर्ज चाळला. "लेयर का ब्रॉयलर?" म्हणजे अंड्यांच्या का मांसाच्या.

"गिनी."

"ती यादीत नाही."

यादी म्हणजे स्केल ऑफ फायनान्स. एका पक्ष्यामागं किती रुपये द्यायचे, हा दर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. शाखेतल्या कागदावर लेयर होतं, ब्रॉयलर होतं, देशी होतं. गिनी नव्हती. "पशुसंवर्धनचं पत्र आणा." तिथं गेलो तर, "दर आम्ही ठरवत नाही, समिती ठरवते." समिती कधी बसणार? "बसली की कळेल." पुन्हा बँक. साहेब रजेवर.

पक्षी सरकारमान्य आहे हे दाखवायला मी बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची माहिती छापून नेली. त्यांनीच गिनीच्या कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी अशा जाती काढल्यात. साहेब नावं वाचून म्हणाले, "ह्या कुठल्या मालिकेतल्या?" हसलो. काम अडलेला माणूस दुसरं काय करणार?

मग निघाला महिनावार उत्पन्नाचा तक्ता. बारा रकाने, सगळ्यांत आकडा पाहिजे. गिनी अंडी घालते साधारण मार्च ते सप्टेंबर; थंडीत बंद. तसं खरं लिहिलं, तर प्रश्न आला, "मग त्या महिन्यांत हप्ता कशानं भरणार?" केसीसीला महिन्याचा हप्ता नसतो, वर्षातून एकदा खातं फिरवायचं, म्हणजे भरून पुन्हा उचलायचं असतं, हे बँकेला मी सांगत होतो! वर आणखी, "नर किती, मादी किती?" अहो, पिल्लात बघून ओळखत नाहीत. दोनेक महिन्यांनी आवाजावरून कळतं: मादी दोन ठोक्यांत ओरडते, नर एकाच ठोक्यात. मी काउंटरवर दोन्ही आवाज काढून दाखवले. शिपायाला पटलं, साहेबांना नाही.

शेवटी नवीन आलेले कृषी अधिकारी मळ्यावर आले. शेड बघितलं, चहा घेतला आणि म्हणाले, "देशीचा दर आहे ना? देशी कोंबड्यांवर अर्ज करा." तेवढ्यावर मंजूर झालं. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा बरं वाटलंच, पण हे वाक्य पहिल्याच दिवशी कुणी का बोललं नाही, याचा राग अजून गेला नाही. गिनीचं खाद्य मी खिशातूनच घालतो.

पाळणार असाल तर: पिल्लांच्या पाण्याच्या भांड्यात गोटे टाका, नाहीतर पिल्लं त्यातच बुडतात. ओल अजिबात चालत नाही. भुसा भिजला की लगेच बदला. घरची खुडूक कोंबडी गिनीची अंडीही उबवते, पण कोंबडीची पिल्लं 21 दिवसांत निघतात, गिनीला 26 ते 28 लागतात. दोन्ही अंडी एकाच दिवशी ठेवली तर कोंबडी आपली पिल्लं घेऊन उठते आणि गिनीची अंडी गार पडतात. म्हणून गिनीची आधी ठेवा, कोंबडीची आठवड्यानं. हो, आणि संध्याकाळी आत कोंडायची सवय लहानपणीच लावा. मोठ्या झाल्या की लिंबावर जाऊन बसतात, मग उतरवून दाखवा.

मटणाबद्दल सगळे विचारतात. चव कोंबडीपेक्षा रानटी, चरबी कमी. त्यामुळं सुकं केलं की चिवट होतं. आमच्याकडं येसर मसाला घालून पातळ रस्सा करतात, चुलीवर मंद आचेवर, सोबत ज्वारीची भाकरी. आई मात्र म्हणते, "राखण करणारं जित्राब आहे, कशाला कापलालाव?"

बँकेत जाण्याआधी शाखेत दराची यादी मागून बघा. त्यात तुमचा पक्षी नसेल तर अर्ज लिहायच्या आधीच कळेल. केसीसी असलेल्यांनी नूतनीकरणाची तारीख चुकवू नका, सवलतीचं व्याज जातं. गिनीचा दर ठरवावा म्हणून मी पशुसंवर्धन कार्यालयात वेगळा अर्ज दिलाय, पोच घेऊन. समितीची बैठक अजून व्हायची आहे.