उद्यमबागेतले तीन ब्लोअर

सुपरचार्जर, म्हणजे इंजिनला जादा हवा देणारा ब्लोअर, बसवलेली गाडी मी आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अजून पाहिलेली नाही. पण सुपरचार्जरचे तिन्ही मुख्य प्रकार आमच्याकडच्या शेडांमधून रोज फिरतायत, काम तेवढं दुसरं. ब्लोअर-कॉम्प्रेसरची दुरुस्ती हाच माझा धंदा. खानापूरचा भाचा म्हणाला, "मामा, सुपरचार्जर म्हणजे टर्बोच की!" मग त्याला कामावरच घेऊन गेलो.

टर्बो फिरतो सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरावर. सुपरचार्जर बहुतेक क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, पट्ट्यावर, म्हणजे इंजिनचीच थोडी ताकद खाऊन इंजिनला जादा हवा देतो. हवा जादा, म्हणून इंधनही जादा जाळता येतं.

प्लेटिंगवाल्यांच्या सांडपाण्याच्या टाकीवर जो ट्विन लोब, म्हणजे आत दोन पाकळीदार रोटर फिरणारा, ब्लोअर असतो, तोच पहिला प्रकार, रूट्स. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाड्या कुठल्या! पुढं १९२१ मध्ये मर्सिडीजनं असा ब्लोअर लावलेल्या गाड्या बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या. एक ब्लोअर दुरुस्तीला उघडलेलाच होता. गंमत म्हणजे तो आत हवा दाबतच नाही. लोब आणि केसिंगमधल्या पोकळीत अडकलेली हवा नुसती पलीकडं ढकलतो. दाब तयार होतो पुढं, हवा साचल्यावर. तिथली दाबलेली हवा उघडणाऱ्या कप्प्यात उलटी घुसते. आवाज होतो, हवा तापते. तापलेली हवा विरळ, म्हणून ती थंड करायला इंटरकूलर लागतो. पण दर फेऱ्याला ठरलेली हवा मिळते, त्यामुळं कमी आरपीएमलाही (मिनिटाच्या फेऱ्यांनाही) दम.

दुसरा प्रकार स्क्रू कॉम्प्रेसर, तो तर आता मशीनशॉपांत सर्रास दिसतो. त्यात एक नर, एक मादी रोटर. हवा पुढं सरकते तशी कप्पा लहान होत जातो, म्हणजे दाब आतच तयार होतो. हवा कमी तापते. आमच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, गाडीतला मात्र कोरडा, रोटर एकमेकांना न टेकता गिअरवर फिरतात. मशिनिंग इतकं बारीक की किंमत वाढणारच. तरी मला विचाराल तर हाच सरस.

तिसरा सेंट्रिफ्युगल, म्हणजे जोरात फिरणाऱ्या पंख्यानं हवा बाहेर फेकणारा, फाउंड्रीत क्युपोल्याला (लोखंड वितळवायच्या भट्टीला) हवा मारतो त्या जातीचा. आकारानं लहान, वरच्या स्पीडला झकास. पण दाब आरपीएमच्या वर्गानं वाढतो: निम्म्या स्पीडला पाव दाब. गोव्याहून परत येताना चोर्ला घाटाच्या चढात गाडी दुसऱ्या गिअरला रांगते, तिथं त्याचा काय उपयोग? बेळगावच साधारण ७५० मीटरवर, हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्के कमी. इथं खालच्या आरपीएमला हवा देणाराच पाहिजे.

भाच्याचा पुढचा प्रश्न तयारच होता, "बुलेटला बसंल काय?" बसवणारे बसवतात. पण एकच सिलिंडर, दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढणार, आणि ब्लोअर सतत देणार. मधे हवा साठवायला बऱ्यापैकी मोठा डबा लागतो. तो ठेवायचा कुठं, हे आता तो वहीत चित्रं काढून बघतोय.