वडिलांनी विकलेली जमीन आणि इतर हक्कांचा रकाना

आमची शेती वडिलांनी विकली तेव्हा मी महाविद्यालयात शिकत होतो. मला कोणी विचारले नाही आणि माझी सहीही घेतली नाही. आजोबांची जमीन म्हणजे नातवाची जमीन, या घरोघरी ऐकलेल्या वाक्यावर विसंबून मी पुढची कितीतरी वर्षे मनात अढी धरून होतो. वडिलांच्या पश्चात त्यांची कागदपत्रांची पिशवी उघडली आणि एका वकील मित्राबरोबर बसून जुने सातबारे, फेरफार आणि खरेदीखते क्रमाने लावली, तेव्हा माझा समज किती अर्धवट होता हे लक्षात आले.

मित्राचा पहिलाच प्रश्न होता, जमीन वडिलांकडे कोणत्या वाटेने आली? सगळे उत्तर या प्रश्नात दडलेले असते. आपण बोलताना आजोबांकडून आलेल्या कोणत्याही मालमत्तेला वडिलोपार्जित म्हणतो, पण हिंदू कायद्यातला या शब्दाचा अर्थ त्याहून बराच अरुंद आहे. वडील, आजोबा किंवा पणजोबांकडून १९५६ पूर्वी वारशाने आलेली, किंवा मुळातल्या एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेच्या वाटणीत हिश्श्याला आलेली मालमत्ता त्यात बसते, आणि अशा मालमत्तेत मुलाला जन्मतःच हिस्सा मिळतो. मात्र आजोबांनी स्वतः कमावलेली मालमत्ता, ते १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मृत्युपत्र न करता वारल्यामुळे कलम ८ नुसार वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात हे स्पष्ट केले. अशा मालमत्तेत वडील हयात असेपर्यंत मुलाचा कोणताही हिस्सा नसतो आणि विक्रीला त्याची संमती लागत नाही. आईच्या माहेरून आलेली किंवा बक्षीसपत्राने मिळालेली मालमत्ताही सहसा याच बाजूला जाते. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांत तर जन्माने हक्क ही कल्पनाच नाही. तिथे वारसाहक्क मृत्यूनंतरच उघडतो.

आमच्या पिशवीत साठच्या दशकातले आजोबांच्या नावाचे खरेदीखत निघाले. जमीन त्यांनी नोकरीच्या पैशातून घेतली होती आणि त्यांचे निधन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाले. म्हणजे माझी तक्रार पहिल्याच पायरीवर संपली. हे ऐकायला मला चांगले वाटले नाही, हे कबूल करतो.

ज्यांची मालमत्ता खरोखरच वडिलोपार्जित आहे त्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे वडील कर्ते, म्हणजे कुटुंबाचा कारभार पाहणारे प्रमुख, असले तरी एकटे मालक नसतात. मुलगे आणि मुली दोघेही जन्माने सहदायक, म्हणजे मालमत्तेतले हिस्सेदार, असतात. मुलींना हा दर्जा महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्रीला किंवा नोंदणीकृत वाटणीला या दुरुस्तीचा आधार घेऊन आव्हान देता येत नाही.

तरीही अशी मालमत्ता कर्त्याला विकताच येत नाही असे नाही. कुटुंबाची कायदेशीर गरज असेल, म्हणजे उपचार, लग्नकार्य, शिक्षण, सरकारी देणे किंवा कुटुंबासाठी काढलेले कर्ज, तर त्याने केलेली विक्री सर्वांवर बंधनकारक असते. ती गरज खरी होती, किंवा निदान आपण प्रामाणिकपणे चौकशी करून खात्री केली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र विकत घेणाऱ्यावर असते. हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या, १८५६ च्या हनुमानप्रसाद पांडे निकालापासून चालत आले आहे. खरेदीखतात ‘कौटुंबिक अडचणीमुळे’ असे छापील वाक्य घातले जाते ते याचसाठी, पण नुसत्या वाक्याने अडचण सिद्ध होत नाही. हिंदू कायद्याच्या आपल्याकडच्या मुंबई परंपरेत आणखी एक बारकावा आहे: गरज नसली तरी सहदायकाला स्वतःचा अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकता येतो, त्यामुळे वडिलांची विक्री त्यांच्या हिश्श्यापुरती बहुधा टिकते आणि मुलांचे भांडण स्वतःच्या हिश्श्यापुरते उरते. तीच जमीन बक्षीस म्हणून देण्याची मोकळीक मात्र त्यांना जवळजवळ नसते.

होऊ घातलेली विक्री थांबवण्यासाठी कर्त्याविरुद्ध नुसता मनाईहुकूम मागता येत नाही, हे १९८८ च्या सुनील कुमार निकालाने ठरले आहे. विक्रीनंतर आव्हान द्यावे, किंवा आधीच वाटणीचा दावा लावावा. खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून बारा वर्षांची मुदत असते. दावा लावणाऱ्याने महाराष्ट्रात एक गोष्ट विसरू नये: इथे प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, नाहीतर दावा चालू असताना जमीन घेणाऱ्यावर निकाल आपोआप बंधनकारक होत नाही. या एका कागदाअभावी जिंकलेले दावे हातात येत नाहीत.

मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे, असेल आणि मालमत्ता त्याच्या स्वतःच्या नावाने, स्वतंत्र मालकीची असेल, तर पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. विकलीच, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत ती विक्री रद्द करून घेता येते. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याला ही परवानगी लागत नाही, असे १९९६ चा निकाल सांगतो. मुलांचे हक्क सर्वांत जास्त इथेच निसटतात असे माझे मत झाले आहे, कारण ज्याचा हिस्सा जातो तो तेव्हा प्रश्न विचारण्याच्या वयाचा नसतो.

आता पुन्हा आमच्या पिशवीकडे. आजोबांच्या वारस नोंदीचा फेरफार पाहिला तेव्हा मालकाच्या रकान्यात फक्त वडिलांचे नाव होते आणि त्यापुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. दोन्ही आत्यांची नावे शेजारच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात होती. वारसांची नावे अशी वेगळ्या रकान्यात ढकलण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती. तिने हक्क संपत नाहीत, कारण सातबारा महसुलाची नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. कलम ८ नुसार आजोबांच्या मालमत्तेत वडील आणि दोन्ही आत्या सारख्याच वाटेकरी होत्या. आजी आधीच गेली होती, म्हणजे प्रत्येकाचा एक तृतीयांश. हक्कसोडपत्र कुठेच नव्हते. वडिलांना विकायचा हक्क होता तो फक्त त्यांच्या एक तृतीयांश हिश्श्याचा, आणि माझ्याऐवजी विचारायला हवे होते त्या दोघींना.

धाकटी आत्या आता नाही. थोरल्या आत्याला मी तो उतारा वाचून दाखवला. तिने चष्मा लावून स्वतःचे नाव बोटाने शोधले आणि विचारले, “हे तेव्हापासून इथे लिहिलेलं होतं?”