बुवा डावीकडे का सरकतात?

आमच्या घरातले बुवा डावीकडे सरकतात हे माझ्या लक्षात आलं ते बाबा गेल्यावर. सरकत आधीपासूनच असणार, पण बाबा ऐकायचे दुपारी, दार लावून, दणदणीत आवाजात. मी ऐकते रात्री साडेदहानंतर. भांडी घासून झालेली, आई पलीकडच्या खोलीत झोपलेली, आणि कोथरूडच्या फ्लॅटच्या भिंती कशा असतात ते सांगायला नको. अशा वेळी वॉल्यूमचा नॉब घड्याळातल्या आठच्या जागी असतो, म्हणजे बंदच्या जेमतेम पुढे. तिथे बाबांच्या जुन्या मोनो एलपीवर गाणारे बुवा दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसायचे सोडून खिडकीकडे जाऊन बसायचे. मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच माल. त्यात डावं-उजवं व्हायचं काही कारणच नाही.

भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, पॉट गेलंय." पॉट म्हणजे त्या नॉबच्या मागचा भाग, पोटेन्शिओमीटर. एका दांड्यावर दोन पट्ट्या, एक डावीची, एक उजवीची, आणि दोघींवरून एकेक स्पर्शक फिरतो. नॉब मधोमध असला की दोन्ही पट्ट्या बऱ्यापैकी सारख्या चालतात. तळाशी मात्र चांगल्या पॉटमध्येही फरक पडतो, आणि हे तर तीस वर्षांचं. रविवारी तो मल्टिमीटर घेऊन आला. मोबाइलवरून शंभर हर्ट्झचा सूर लावला, नॉब माझ्या रात्रीच्या जागी ठेवला आणि प्रीअँपच्या, म्हणजे हा नॉब ज्यात असतो त्या डब्याच्या, मागच्या दोन्ही तोंडांवर मोजलं. डावीकडे 34 मिलीव्होल्ट, उजवीकडे 26. म्हणजे दोन डेसिबलच्या वर फरक. बुवा सरकतील नाही तर काय करतील?

पॉट बदलून काम भागलं असतं. पण बाबांनी थोडे पैसे माझ्या नावावर वेगळे ठेवले होते आणि "गाण्यावरच खर्च कर" असं बजावलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर मलाच नवीन हवा होता. प्रीअँपच्या पुढचा, स्पीकर चालवणारा पॉवर अँप त्यांचाच, शंभर वॉटचा, अजून ठणठणीत. म्हणून ठरवलं, प्रीअँप मात्र एकदाच आणि चांगला घ्यायचा.

दुकानात गेले. नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती. पहिला प्रश्न आला, "सर मागून येताहेत का?" सर घरी भाजी निवडत होते. मग कोच, पाणी, कॉफी, आणि बायपासवरून ट्रक जावा एवढ्या आवाजात डेमो. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांचा, प्रीअँप होता, पुढे जाड अ‍ॅल्युमिनियमची पाटी, किंमत ऐकून मी पर्स मांडीवर घेतली. मी म्हटलं, जरा कमी करा. त्यांनी केलं. अजून कमी. अजून. "मॅडम, एवढ्या कमी आवाजात मशीनची मजा कळत नाही." तरी मी नॉब आठवर आणायला लावलाच, आणि पिशवीतून बाबांची मोनो एलपी काढली. बुवा सरकले. या वेळी उजवीकडे! काही लाखांचा डबा, आणि रोग तोच.

माझी नोकरी सहकारी बँकेतली, त्यामुळे व्होल्ट नाही कळले तरी आवक-जावक कळते. भाच्याकडून आकडे मांडून घेतले. सीडी प्लेअर जास्तीत जास्त 2 व्होल्ट देतो. आमच्या पॉवर अँपला पूर्ण शंभर वॉट काढायला 1.4 व्होल्ट पुरतात. म्हणजे मध्ये काहीही वाढवायची गरजच नाही. रात्रीच्या गाण्यात सीडीकडून सरासरी 0.2 व्होल्ट येत असेल, आणि माझ्या खोलीला, माझ्या आवाजाला पॉवर अँपमध्ये जायला हवेत सुमारे 0.03. बाबांचा प्रीअँप आठपट वाढवणारा. मग पॉटने आधी 0.2चा पन्नासावा हिस्सा करायचा आणि पुढच्या सर्किटने त्याला आठने गुणायचं. कर्ज काढून संध्याकाळी फेडायचं, वर प्रोसेसिंग फी भरायची, यातली ही गत. फी म्हणजे खरखर. वाढवणारं सर्किट पॉटच्या पुढे असतं, त्यामुळे त्याची स्वतःची सूंऽऽ नॉब कितीही खाली नेला तरी कमी होत नाही. ट्वीटरला, म्हणजे स्पीकरमधल्या बारीक सुरांच्या भागाला, कान लावला की ऐकू येते.

एवढी वाढ ठेवायचेच कशाला? तर जुन्या काळी लागायची. मॅरँट्झचा मॉडेल 7 हा 1950च्या दशकाच्या अखेरचा, सहा व्हॉल्व्हचा प्रसिद्ध प्रीअँप घ्या. तेव्हा त्याच्याकडे यायचं काय, तर सुईकडून काही मिलीव्होल्ट, टेपच्या हेडकडून तितकेच. सीडी आली 1982 मध्ये आणि उगमच दांडगा झाला, पण कित्येक प्रीअँप जुन्याच हिशेबाने वाढवत राहिले. शोरूममध्ये नॉब नऊवरच खोली हादरली की गिऱ्हाईक खूश होतं, तेही एक कारण असावं असा माझा संशय आहे.

मग वाढवणारं काही नकोच, असं म्हणून भाच्याने तापकीर गल्लीतून पॉट आणि सॉकेट आणली आणि दिवाळीच्या चकल्यांच्या स्टीलच्या डब्यात पॅसिव्ह प्रीअँप बसवला. वीज नाही, दिवा नाही, नुसता नॉब. पहिले दोन दिवस मी सगळ्यांना फोन करून सांगत होते! सूंऽऽ पार गेली, तंबोरे सुटल्याबरोबर खोली भरली. मग दोष दिसले. मिळालं ते 50 हजार ओहमचं पॉट होतं. आवाज अर्ध्यावर असताना असं पॉट पुढच्या केबलला साडेबारा हजार ओहमच्या अडथळ्यातून ढकलतं, आणि आमचा पॉवर अँप खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सहा मीटर केबलवर. एवढ्या लांब केबलची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवून धरायची सवय, धरली तर 20 किलोहर्ट्झला अडीच-तीन डेसिबल गळती. आता माझ्या वयाला 20 किलोहर्ट्झ ऐकू येतात कुठे, पण दिवसा मोठ्याने लावलं की झांजा जरा मऊ वाटायच्या, हे खरं. 10 हजार ओहमचं पॉट घालून तेवढं सुटलं असतं. डावं-उजवं मात्र सुटलं नसतं, कारण शेवटी पॉट ते पॉटच.

मध्यंतरी एका ओळखीच्यांकडे व्हॉल्व्हचा आणखी एक ऐकला आणि तीन दिवस हटूनच बसले की हाच घ्यायचा. बाईचा आवाज त्यावर असा काही यायचा की बस्स. घरमालकानेच मन मोडलं. "हे बघा," म्हणून त्यांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने व्हॉल्व्हवर टिचकी मारली. स्पीकरमधून टण्ण! काचेच्या आतले पत्रे हलले की तेही गाणं म्हणून पुढे जातं. नातवंडं पळायला लागली की ते मशीन बंद करतात, म्हणाले. आमच्या वरच्या मजल्यावर दोन जुळी आहेत. विषय संपला.

तोपर्यंत मला काय हवं ते नीट कळलं होतं. वाढ जवळजवळ नको, नॉबच्या मागे पॉट नको, आणि पुढे लांब केबल सहज ओढता आली पाहिजे. पॉटऐवजी मोजून घेतलेल्या रेझिस्टरांची शिडी आणि पायऱ्या बदलायला रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, असे प्रीअँप असतात. अमेरिकेतल्या बेंचमार्कचा एलए4 तसा आहे, अर्ध्या-अर्ध्या डेसिबलच्या 256 पायऱ्या. दिसायला अगदीच प्रयोगशाळेतलं यंत्र, त्यात एलपीसाठी फोनोची, म्हणजे सुईकडून येणारे मिलीव्होल्ट वाढवायची, सोय नाही, ती वेगळी घ्यावी लागते. एकाने विकायला काढला होता. त्याच्या घरी मी बरोबर काय नेलं असेल? मोनो एलपी, भाच्याचा मल्टिमीटर आणि भाचा. आवाज रात्रीइतका खाली आणून मोजलं, डावी-उजवी आकडे सारखे. त्या गृहस्थांनी विचारलं, "गाणं नाही ऐकणार?" ऐकलं, अर्धा तास. चहाही झाला.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री नॉब फिरवताना आतून टक्-टक्-टक् यायला लागलं. आई झोपेतून म्हणाली, "अगं, पाल चुकचुकतेय का?" रिलेचा आवाज. दुसऱ्या दिवशी तिला करून दाखवला तेव्हा पटलं.

सीडीवर सगळं सुतासारखं सरळ आलं. मग बाबांची मोनो एलपी लावली. बुवा किंचित डावीकडे. किंचितच, पण एवढे महिने ऐकून ऐकून कान आता पोलिसासारखा झालाय. टर्नटेबलच्या पिकअपचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, कागद काढून बघितला. दोन चॅनेलमधला फरक दीड डेसिबलपर्यंत चालतो, असं छापूनच दिलंय.

नवरा पेपर वाचत होता. म्हणाला, "मग खुर्ची सरकव."

चार बोटं सरकवली.