ओट्यावर मांडलेली पाकिटं

आज ताईबरोबर भाच्याला घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे गेले होते. एकोणीस वर्षांचं पोर, सहा महिन्यांत अकरा किलो उतरलंय. क्रोन्स निघालं. आतड्याला सूज, व्रण, आणि आयुष्यभर सांभाळायचं दुखणं.

ताईचं एकच पालुपद, "डॉक्टर, माझं काही चुकलं का हो?" ते म्हणाले, यात अनुवंश असतो, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते; एकट्या खाण्यावर खापर फोडू नका. पण खाण्याचा वाटा असू शकतो.

घरी येऊन त्याच्या खोलीतली पाकिटं ओट्यावर मांडली. फ्रोझन डेझर्टच्या डब्यावर मुंगीएवढ्या अक्षरात, 'स्टॅबिलायझर 466'. म्हणजे कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज. आतड्याच्या अस्तरावर एक बुळबुळीत थर असतो, जिवाणूंना लांब ठेवणारा. 2015 साली उंदरांवरच्या प्रयोगात या पदार्थाने तो थर पातळ झाला, जिवाणू अस्तराला भिडले. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, मान्य. पण 2021 मध्ये भारतासह 21 देशांतल्या 1,16,000 माणसांचा अभ्यास आला. कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं असलं खाणं दिवसाला पाच किंवा जास्त वेळा खाणाऱ्यांत आतड्याच्या दाहाचा धोका, दिवसाला एकदापेक्षाही कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 80 टक्के जास्त आढळला.

बारा तास कॉलेज, क्लास, लोकल. ही पोरं पाकीट फोडणार नाहीत तर काय करणार? मला खरंच राग येतोय, त्यांचा नाही, त्या बारीक अक्षरांचा.

रात्री ताईने मऊ भात केला, वर मुगाचं वरण. वाटीभर खाल्लं त्याने. ताई शेजारी बसून नुसती बघत होती.