डिझेलच्या वाट्याला आलेले कॅमेरे

जुन्या अमेरिकन रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या रंगीत स्लाइड, म्हणजे चौकटीत बसवलेली पारदर्शक फिल्मवरची चित्रे, जमवू लागल्यावर एक गोष्ट लवकरच ध्यानात येते: जो काळ सर्वांत अधिक हवाहवासा वाटतो, त्याच काळातील चित्रे हाती लागता लागत नाहीत. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह या कंपनीने 1939 मध्ये एफटी हे मालगाडीचे डिझेल इंजिन, चार भाग एकापाठोपाठ जोडून एकूण 5,400 अश्वशक्तीचे, चाचणीसाठी देशभर फिरवले आणि सुमारे 84 हजार मैलांची ती फेरी संपेपर्यंत वाफेच्या इंजिनांचे दिवस भरत आल्याचे रेल्वे कंपन्यांना कळून चुकले. अ‍ॅरिझोनाच्या रखरखीत प्रदेशात बॉयलरसाठी पाणी पुरवता पुरवता मेटाकुटीला आलेल्या सांता फे कंपनीने तर ही इंजिने मोठ्या संख्येने घेतली. रुळांकडेला कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या हौशी मंडळींचा जीव मात्र वाफेवर जडलेला होता. डिझेल त्यांच्या लेखी वैरी होते आणि महागडी फिल्म वैऱ्यावर कोण खर्च करणार? समोरून डिझेल येताना दिसले की कॅमेरा खाली घेणारे पुष्कळ होते, आणि वाफ संपल्यावर कित्येकांनी हा छंदच सोडून दिला. माझा सारा संग्रह त्या तुटपुंज्या, थोड्याशा विक्षिप्त मंडळींच्या कृपेवर उभा आहे, ज्यांनी कॅमेरा खाली घेतला नाही.

त्यांची चित्रे कलात्मक नसतात, हेही कबूल केले पाहिजे. सूर्य पाठीशी, इंजिन तिरके उभे, नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण दिसणारे आणि आजूबाजूला शक्यतो कोणी नाही, असा हा पासपोर्ट फोटोसारखा ठरीव साचा आहे. त्याला कारणही तसेच होते. कोडाक्रोम या रंगीत फिल्मची सुरुवातीची प्रकाश-संवेदनक्षमता आजच्या आयएसओ मापात अवघी 10 च्या आसपास असल्याने लख्ख ऊन आणि थांबलेले इंजिन एवढाच भरवशाचा मामला होता. पूर्वी मला हा साचा कंटाळवाणा वाटे. आता वाटते, की तो साचा आहे म्हणूनच एकाच इंजिनाची दहा वर्षांच्या अंतराने काढलेली दोन चित्रे शेजारी ठेवून रंग कुठे उडाला, जाळी कधी बदलली आणि विलीनीकरणानंतर जुन्या कंपनीच्या नावावर नवे नाव किती घाईने फासले गेले, हे नेमके पाहता येते. सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवरील काळ्या आकृत्यांचा या कामी काडीचाही उपयोग नाही.

शिकागोच्या उपनगरांत रेल्वेप्रेमींचे बाजार भरतात, तिथे विक्रेते स्लाइडची खोकी मांडून बसतात. जवळच मॅक्कुक येथे इलेक्ट्रो-मोटिव्हचा कारखाना होता, त्यामुळे इकडच्या खोक्यांत एफ-7 या इंजिनाची रेलचेल. 1949 ते 1953 या काळात त्याचे चालककक्ष असलेले आणि नसलेले भाग मिळून 3,800 हून अधिक नग बनले होते. पण माझा हात शोधत असतो ते न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडीच्या अल्को कंपनीचे पीए हे इंजिन, 2,000 अश्वशक्तीचे, लांबट चौकोनी नाकाचे आणि तीनशेहूनही कमी बनलेले. आवडत्या स्लाइडमध्ये डेलावेअर अँड हडसन कंपनीने 1967 मध्ये सांता फेकडून घेतलेल्या चार पीएंपैकी एक आहे. मूळच्या लाल रंगाच्या जागी निळा रंग भरला आहे. पण नाकावरून मागे झेपावणारी सांता फेची रेषा तशीच राखली आहे. पुठ्ठ्याच्या चौकटीवर पेन्सिलीने कंपनी, क्रमांक आणि गाव लिहिलेले आहे. भिंगाखाली धरले की छतावरून उसळलेला काळाकुट्ट धूर दिसतो. चालकाने इंधन वाढवले, की टर्बोचार्जरला वेग घेऊन पुरेशी हवा पुरवायला थोडा अवधी लागतो आणि तेवढ्या वेळात अर्धवट जळलेले डिझेल असे बाहेर पडते.

हा धूर मला परका नाही. मिरजेच्या फलाटावर लहानपणी पाहिलेले भारतीय रेल्वेचे डब्ल्यूडीएम-2 हे डिझेल इंजिन अल्कोच्याच आराखड्याचे. पहिली इंजिने अमेरिकेतून आली आणि 1964 पासून ती वाराणसीत बनू लागली. पीएमधील 244 मालिकेचे यंत्र सतत बिघडे. तो धडा घेऊन अल्कोने 251 मालिका काढली आणि तीच आपल्याकडे कित्येक दशके राबली. अल्कोने स्वतः 1969 मध्ये गाशा गुंडाळला. मिरजेच्या त्या इंजिनांचे मात्र एकही चित्र माझ्याकडे नाही, कारण घरात कॅमेरा नव्हता आणि असता तरी रेल्वेच्या हद्दीत तो परवानगीशिवाय उघडता आला नसता.

खरेदी करताना पारखायचे ते मूळ स्लाइड आहे की नक्कल. नकलेत सावल्या काळ्या ठिक्कर होतात आणि क्रमांकाच्या पाट्या भिंगाखाली पसरट दिसतात. अंधारात ठेवलेले कोडाक्रोम पन्नास वर्षांनीही निळ्याला निळे राखते, तर त्याच काळातील इतर बऱ्याच फिल्म लालसर पडल्या आहेत. अशा लालसर स्लाइड स्वस्तात मिळतात, आणि दुसरे चित्रच उपलब्ध नसेल तर मी त्याही घेतो. एफ-7 साठी मी घासाघीस करतो. पीए दिसले की ती सुचत नाही, आणि विक्रेतेही आता माझा चेहरा पाहूनच भाव सांगतात.