तुम्ही विचारलंत म्हणून, तिकडच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, स्वस्त पबबद्दल

गावी आलो की पारावर कोणीतरी विचारतंच, आणि आता मामेभाऊ सप्टेंबरमध्ये लेस्टरला शिकायला चाललाय तर त्यानेही फोनवर तेच विचारलं. "दादा, तिकडं ते चेनवाले स्वस्त पब असते ना, तिथं बसावं का नाई?" दरवेळी अर्धवट उत्तर देऊन सुटतो, म्हणून यावेळी नीट लिहितोय.

मी 2018-19 ला बर्मिंगहॅमला होतो. या चेनपैकी सगळ्यात माहितीची वेदरस्पून, टिम मार्टिन नावाच्या माणसाने 1979 ला लंडनमध्ये सुरू केलेली, आता देशभर शेकड्यांनी पब आहेत, आणि जुनी बँक, जुनं टॉकीज, जुनं पोस्ट ऑफिस अशा इमारती घेऊन त्यात पब थाटतात, टनब्रिज वेल्सला तर अख्खं ऑपेरा हाऊसच घेतलंय. तशाच आणखीही चेन आहेत. मी ज्यात बसायचो तो कोणाचा होता त्याला महत्त्व नाही.

आपल्याकडे पहिला प्रश्न येतो भेसळीचा. स्वस्त आहे म्हणजे काहीतरी मिसळलं असेल, नाहीतर जुना माल असेल. तसं नाही भाऊ. ते एकदम प्रचंड माल उचलतात, वर्षावर्षाचे करार करतात, म्हणून भाव पडतो. आणि माप कायद्याने ठरलेलं, पाइंट म्हणजे 568 मिली, व्हिस्कीचं माप 25 नाहीतर 35 मिली, कोणतं ते पबने लिहून लावायचं. बाजूच्या पबात चार पाउंडाला मिळणारी बीअर तिथं दोन-अडीच पाउंडात यायची. एक पाउंड तेव्हा नव्वदच्या आसपास, आणि मी एका कापूसवाल्याचा पोरगा, तर हा फरक किती मोठा होता ते तुम्ही समजू शकता.

पण खरा फायदा भावाचा नाहीच. खरा फायदा हा की तिथं तुम्हाला कोणी काही विचारत नाही.

मी वणी तालुक्यातला. आमच्याकडचा परमिट रूम कसा असतो ते माहीत आहे, काळ्या काचा, आत पडदे, अंधार, ओळखीचा दिसला की मान खाली, आणि देशीच्या दुकानावर तर उभ्या-उभ्या पव्वा रिकामा करून पाच मिनिटात माणूस बाहेर. 2015 ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि 2021 पर्यंत राहिली, तेव्हा वर्धा नदीच्या पलीकडची माणसं संध्याकाळी पूल ओलांडून आमच्याकडे यायची, घाईघाईत प्यायची आणि तशीच रात्री गाडीवर परत जायची, ते बघून माझी आई उंबऱ्यात उभी राहून "कोणाचं तरी लेकरू जाईन" म्हणायची. म्हणून पहिल्यांदा त्या पबात शिरलो तर मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, एका टेबलावर आजी नातवाला मटार-चिप्स भरवतेय, गाणी बंद, लोक नुसते बोलतायत, हे बघून मी थबकलो. एक पाइंट घेऊन दीड तास बसलो. कोणी उठवलं नाही, कोणी बघितलं नाही, दुसरं काय घेणार म्हणूनही कोणी विचारलं नाही. परक्या देशात नवीन असताना ही गोष्ट फार मोठी असते.

आता दुसरी बाजू, ती मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी गोदामात रात्रपाळी करायचो (विद्यार्थ्याला आठवड्याला 20 तास चालतात) आणि सकाळी सुटलो की तिथंच नाश्ता, एकदा पैसे दिले की कितीही कॉफी, बाहेर हिवाळा, आत हीटर. नऊ वाजता बारवर दारू मिळायला लागायची आणि त्याच वेळी रोज एक म्हातारे गृहस्थ यायचे, कोपऱ्यातलं टेबल, समोर पाइंट. अकरापर्यंत तीन. माझ्या आजोबांच्या वयाचे, कोट स्वच्छ, हात थरथरायचे. वर्षभर बघितले मी त्यांना. अ‍ॅपवर ऑर्डर, पोरगी ग्लास ठेवून पळते, तिला दहा टेबलं सांभाळायची असतात, तिचा काय दोष. पण जे "कोणी विचारत नाही" मला सुखाचं वाटत होतं, तेच त्या माणसाला आतून खात होतं. तिकडचे डॉक्टर आठवड्याला 14 युनिटच्या वर पिऊ नका सांगतात, म्हणजे साध्या बीअरचे साधारण सहा पाइंट, ते त्यांचे दोन सकाळीत व्हायचे. स्वस्त असल्यामुळे खिसाही त्यांना थांबवत नव्हता. स्कॉटलंडने 2018 ला याच कारणाने दारूला किमान भाव ठरवला, त्याखाली विकायचीच नाही, आणि मला ते पटतं.

गल्लीतला छोटा पब महाग होता, खूपदा त्यांना बीअर ठरलेल्या कंपनीकडूनच चढ्या भावात घ्यावी लागते. पण तिथला मालक मला नावाने हाक मारायचा, "तुझ्या बाबांकडे पाऊस पडला का" विचारायचा. मी तिथं महिन्यातून एकदाच जायचो, परवडायचंच नाही. परत यायच्या आधी तो बंद झाला आणि आपण तिथं आणखी जायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

तर मामेभावाला मी हेच सांगितलं की जा, मित्रांसोबत जा, जेवून पी, दोनवर थांब, शनिवारी रात्री दहानंतर थांबू नको कारण तेव्हा तिथं धक्काबुक्की होते. एकटा असशील तर कॉफी घे. आणि कोपऱ्यात कोणी म्हातारा दिसला तर निदान गुड मॉर्निंग म्हण. मी शेवटच्या महिन्यात एकदा म्हटलं होतं. त्यांनी ग्लास बाजूला सरकवला, समोरची खुर्ची दाखवली आणि अर्धा तास बायकोबद्दल बोलत राहिले.